‘ओ पायोनियर्स!’ : वाटणी, श्रम आणि मालकी

मिळकतीची वाटणी हा विषय वकिलांचा आणि तलाठ्यांचा, साहित्याचा नव्हे, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. वस्तुतः माणसांच्या नात्यांची खरी परीक्षा ज्या थोड्या प्रसंगी होते, त्यांत वाटणीचा प्रसंग अग्रगण्य होय. एका चुलीवर वाढलेली भावंडे कागदावर समोरासमोर बसतात, आणि आजवर जे प्रेमाच्या भाषेत बोलले जात होते ते हिश्शाच्या भाषेत बोलावे लागते. अशा प्रसंगी कोणाचे कष्ट मोजले जातात आणि कोणाचे विसरले जातात, हे पाहिले म्हणजे त्या कुटुंबाचेच नव्हे, तर त्या समाजाचेही अंतरंग उघडे पडते. अमेरिकन लेखिका विला कॅथर यांची ‘ओ पायोनियर्स!’ ही १९१३ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. ती बहुधा भूमीचे महाकाव्य म्हणून वाचली जाते. आम्ही येथे ती वाटणीची कथा म्हणून वाचणार आहोत.

प्रथम लेखिकेविषयी थोडे. कॅथर यांचा जन्म १८७३ मध्ये व्हर्जिनियात झाला. १८८३ मध्ये त्यांचे कुटुंब नेब्रास्का राज्यातील वेबस्टर कौंटीत गेले आणि पुढच्याच वर्षी रेड क्लाउड या गावी स्थिरावले. स्वीडन, नॉर्वे, बोहेमिया, जर्मनी अशा नाना देशांतून आलेली आणि नाना भाषा बोलणारी शेतकरी कुटुंबे त्या माळरानावर नांगर धरताना त्यांनी बालपणी पाहिली. कादंबरीचे नाव वॉल्ट व्हिटमनच्या १८६५ मधील कवितेवरून घेतले आहे. परंतु व्हिटमनच्या पायोनियरांच्या हाती कुऱ्हाड आणि बंदूक आहे, तर कॅथर यांच्या नायिकेच्या हाती हिशेबाची वही आहे. हा फरक प्रारंभीच ध्यानात ठेवला पाहिजे.

या कथेतील मिळकत कशी निर्माण झाली, हे पाहिल्यावाचून तिच्या वाटणीचा वाद नीट समजत नाही. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने कुटुंबप्रमुखाला किंवा एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला १६० एकर सरकारी जमीन मिळू लागली. अट अशी, की पाच वर्षे तेथे वस्ती करून जमीन लागवडीखाली आणावी. १८७३ च्या दुसऱ्या एका कायद्याने झाडे लावण्याच्या अटीवर आणखी १६० एकर मिळण्याची सोय झाली. कादंबरीतील जॉन बर्गसन या स्वीडिश स्थलांतरिताजवळ या दोन्ही प्रकारांची मिळून ३२० एकर जमीन आहे. शेजारचा तेवढाच तुकडा त्याच्या धाकट्या भावाचा होता. माळरानाला कंटाळून तो शिकागोला निघून गेला आणि त्याची जमीनही जॉनकडे आली. अशी एकूण ६४० एकर. अकरा वर्षांच्या वास्तव्यात पहिली पाच वर्षे कर्ज करण्यात गेली आणि पुढची सहा ते फेडण्यात. कर्ज फिटले, आणि त्याच सुमारास शेहेचाळीस वर्षांचा हा कर्ता पुरुष मृत्युशय्येवर पडला.

आपल्या धर्मशास्त्रात वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित असे मिळकतीचे दोन भेद आहेत. सरहद्दीवरची ही मिळकत वडिलोपार्जित नव्हे, हे उघड आहे. जॉनच्या बापाने उतारवयात दुसरे लग्न केले, सट्ट्यात स्वतःची संपत्ती घालवली, विश्वासाने ठेवलेला गरीब दर्यावर्द्यांचा पैसाही घालवला, आणि मुलांसाठी काहीच मागे ठेवले नाही. परंतु ही मिळकत स्वकष्टार्जित म्हणावी, तर कोणाच्या कष्टांनी अर्जित झालेली? नांगर धरणाऱ्याच्या? बाजारभाव वाचून कोणते पीक घ्यावे हे ठरवणाऱ्याच्या? की लाकडी ओंडक्यांच्या घरात राहून, रानद्राक्षांचे आणि जंगली फळांचे मुरंबे घालून ते घर घर म्हणून टिकवणाऱ्या स्त्रीच्या? संबंध कादंबरी या एका प्रश्नाभोवती फिरते, असे आमचे मत आहे.

मृत्युशय्येवरील जॉनची निरवानिरव फार विचार करण्याजोगी आहे. तो मुलगी अलेक्झांड्रा आणि ऑस्कर व लू या दोन मुलांना जवळ बोलावतो. मुलांनी बहिणीच्या सल्ल्याने चालावे, भांडू नये, घर एक असेल तर त्याचा प्रमुखही एकच असावा, असे तो सांगतो. लग्ने होऊन त्यांना स्वतंत्र बिऱ्हाडे हवीशी वाटतील तेव्हा न्यायालयाच्या रीतीने रास्त वाटणी होईल, तोवर सर्वांनी एकत्र राहावे, अशी त्याची इच्छा आहे. आपल्या वाचकांना येथे ‘कर्ता’ ही संकल्पना आठवल्याशिवाय राहणार नाही. जॉन बर्गसन एकत्र कुटुंबाचे कर्तेपण मुलीच्या हाती देतो. मुलगे सुदृढ व कष्टाळू आहेत, पण आपल्या कष्टांचा विचार करणारे नाहीत, हे त्याने ओळखले आहे. आपल्या बापाच्या चांगल्या दिवसांतील बुद्धी आणि निश्चय त्याला दिसतो तो मुलीत. निवड डोळसपणाची आहे. परंतु या डोळसपणालाही एक मर्यादा आहे, आणि तिच्याकडे आमच्या समजुतीप्रमाणे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

ती मर्यादा म्हणजे त्याची पत्नी. या निरवानिरवीत मिसेस बर्गसनच्या वाट्याला काय येते? तिच्या बागेची नांगरट करण्यासाठी आणि फळझाडे लावण्यासाठी मुलांनी थोडा वेळ द्यावा, एवढी एक सूचना. सूचनेत माया आहे, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि जिने अकरा वर्षे त्या निर्जन माळावर स्वीडनमधील आपले घर जणू नव्याने उभे केले, तिचा भाग काय, हा प्रश्न मरणाऱ्याच्या मनात येत नाही, मुलांच्याही येत नाही. सरहद्दीवरच्या कायद्याला मात्र तो पूर्वीच सुचला होता. ओहायो नदीच्या वायव्येकडील प्रदेशासाठी अमेरिकेच्या काँग्रेसने १७८७ मध्ये जो वटहुकूम काढला, त्यात मृत्युपत्रावाचून मेलेल्या माणसाची मिळकत सर्व मुलांत समसमान वाटावी, आणि विधवेला स्थावराचा तिसरा हिस्सा हयातीपर्यंत व जंगमाचा तिसरा हिस्सा मिळावा, अशी तरतूद आहे. थोरल्या मुलाला दुप्पट वाटा देण्याची किंवा सर्व स्थावर त्यालाच देण्याची जुनी रूढी तेथे मोडली गेली. नेब्रास्का हा त्या वटहुकुमाच्या कक्षेतील प्रदेश नव्हे. परंतु नव्या भूमीवर वाटणी कशी व्हावी याची जी कल्पना त्या समाजात रुजली होती, तिचा हा उत्तम पुरावा होय. तिसरा हिस्सा, आणि तोही तहहयात: म्हणजे विधवेला खायला अन्न आणि राहायला छप्पर मिळावे, पण जमीन विकण्याचा किंवा कोणाला देऊन टाकण्याचा अधिकार मिळू नये. हे अपुरे असेल, परंतु निदान कायद्याने तिचे अस्तित्व मोजले होते. कादंबरीतील कुटुंब तेवढेही मोजत नाही.

मोजण्याची ही उणीव एकट्या त्या कुटुंबाची नाही. होमस्टेड कायद्याने अविवाहित प्रौढ स्त्रीला किंवा विधवेला स्वतःच्या नावावर जमीन घेता येत असे. नवऱ्याबरोबर नांदणाऱ्या स्त्रीला सामान्यतः ते शक्य नव्हते, कारण कुटुंबप्रमुख नवरा. म्हणजे ज्या व्यवस्थेत अविवाहित अलेक्झांड्राचे नाव नोंदवहीत येऊ शकते, त्याच व्यवस्थेत तिच्या आईचे येऊ शकत नाही. लेखिका हा विरोध कोठेही बोलून दाखवीत नाही. परंतु पुढे अलेक्झांड्राच्या मोठ्या घराचे वर्णन करताना तिने एक तपशील दिला आहे. बाकीच्या दालनांत गावच्या दुकानदाराने निवडलेले झगझगीत सामान आहे, आणि बसण्याच्या खोलीत मात्र जुन्या घरातले साधे सामान, कुटुंबाची चित्रे आणि आईने स्वीडनहून आणलेल्या थोड्या वस्तू आहेत. सबंध पुस्तकात आईची म्हणून जी मिळकत आहे ती एवढीच. तिची वाटणी झाली नाही, कारण कोणी ती मागितली नाही.

आता वादाच्या मुळाकडे वळू. जॉनच्या मृत्यूनंतर तीन वर्षे बरी जातात आणि मग अवर्षण येते. शेजारी जमिनी विकून शहराची वाट धरतात. अलेक्झांड्राचा बालमित्र कार्ल लिन्स्ट्रम याचे कुटुंबही जाते. भावांनाही जावेसे वाटते. अशा वेळी अलेक्झांड्रा नदीकाठचा मुलूख स्वतः हिंडून पाहते, तेथील शेतकऱ्यांशी बोलते आणि उलट निर्णय घेऊन परत येते: असलेली जमीन गहाण टाकावी आणि जाणाऱ्यांची जमीन विकत घ्यावी. भावांच्या पोटात गोळा उठतो, तरी ते अखेर संमती देतात. जॉनच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी पाहावे तो माळरानाचे रूप पालटलेले, भावांची लग्ने होऊन रीतसर वाटणी झालेली, आणि स्वतःच्या हिश्शावर अलेक्झांड्राने त्या भागातील सर्वांत भरभराटलेली शेती उभी केलेली. दरम्यान आईही पतीशेजारी चिरविश्रांती घेत आहे.

वाटणी झाली तेव्हा भांडण झाले नाही, हे महत्त्वाचे आहे. भांडण होते ते पुष्कळ वर्षांनी, कार्ल परत आल्यावर. अलेक्झांड्रा आता चाळीस वर्षांची आहे. ती कार्लशी लग्न करील आणि जमीन परक्याच्या घरी जाईल, ही भीती दोघा भावांना ग्रासते. मग त्यांच्या तोंडून जो सिद्धान्त बाहेर पडतो तो असा, की कुटुंबाची मिळकत खऱ्या अर्थाने कुटुंबातील पुरुषांची असते, कारण जबाबदारी त्यांच्यावर असते आणि काम तेच करतात. अलेक्झांड्रा आपल्या कामाविषयी विचारते, तेव्हा तिला उत्तर मिळते की तिला कारभार पाहण्याची हौस होती आणि आम्ही ती पुरवली. गहाणाचा बेत कोणाचा, लसूणघासाची पेरणी प्रथम कोणी सुचवली, त्या वेळी कोण हसले, हे ती एकामागून एक सांगते. परंतु भावांच्या लेखी विचार हे काम नव्हे. काम म्हणजे घाम, आणि घाम दिसला पाहिजे. अखेर ती त्यांना बजावते, की कौंटीच्या दप्तरदाराकडे जा आणि माझ्या जमिनीचा मालक कोण, ते त्यालाच विचारा.

हा प्रसंग कादंबरीतील सर्वांत सकस प्रसंग आहे, असे आम्हांस वाटते. त्याची भाषा रोखठोक आहे, त्यात एकही अलंकार नाही, आणि प्रत्येक वाक्य कोणत्याही गावच्या ओसरीवर ऐकू येईल असे आहे. मात्र येथेच लेखिकेचा एक दोषही नोंदवला पाहिजे. ऑस्कर आणि लू यांना तिने इतके संकुचित रंगवले आहे, की त्यांच्या बाजूचे जे थोडे सत्य आहे ते वाचकाच्या नजरेतून सुटते. जमीन गहाण पडली तेव्हा त्यांचाही भविष्यकाळ गहाण पडला होता. बेत फसला असता तर उपासमार तिघांची झाली असती. उन्हातान्हात नांगर त्यांनी धरला होता, हेही खोटे नव्हे. त्यांचा अपराध स्वतःच्या श्रमांची किंमत मागण्यात नाही, ती तर वाटणीत त्यांना मिळालीच होती. बहिणीच्या श्रमांना श्रम म्हणण्याचे नाकारणे, हा त्यांचा अपराध. प्रतिपक्षाला थोडे अधिक वजन दिले असते तर हा भेद अधिक स्पष्ट झाला असता, आणि अलेक्झांड्राचा विजयही अधिक मोलाचा ठरला असता.

अलेक्झांड्राची सारी आशा एमिल या सर्वांत धाकट्या भावावर आहे. त्याला तिने नांगरापासून मुक्त ठेवले, विद्यापीठात शिकवले. बापाच्या मुलांपैकी एक तरी मातीला न बांधलेला, जगाला सामोरा जाऊ शकणारा निघाला, याचे तिला समाधान आहे. परंतु ज्याच्यासाठी ही भूमी राखली तो तिच्यात कधी गुंतलाच नाही. शेजारच्या मारी शबाटाच्या प्रेमात तो पडतो, आणि तिचा नवरा फ्रँक त्या दोघांनाही गोळी घालतो. वारसाच नाहीसा झाला म्हणजे मिळकतीचा अर्थ काय उरतो, हा प्रश्न लेखिकेने येथे शब्दांवाचून उभा केला आहे. पितृधनाच्या गोष्टी जगात पुष्कळ आहेत. बहिणीने मिळवून भावासाठी ठेवलेल्या धनाची अशी करुण गोष्ट विरळा.

आता कादंबरीचा शेवट. या शेवटाची स्तुती सर्वत्र होते आणि ती अस्थानी नाही. कार्लबरोबर सायंकाळी शेताकडे पाहत असताना अलेक्झांड्रा म्हणते, की मी माझी जमीन भावांच्या मुलांच्या नावे केली म्हणून काय बिघडणार आहे? दप्तरातल्या नकाशावर आज असलेल्या नावांतली पन्नास वर्षांनी किती उरतील? सूर्यास्त कोणाच्या नावे करून देता येत नाही, तशीच ही भूमी. माणसे येतात आणि जातात, जे तिला ओळखतात आणि तिच्यावर जीव लावतात त्यांची ती होते, आणि तीही घटकाभर. आपल्या संतवाङ्मयावर पोसलेल्या वाचकाला हे वैराग्य ओळखीचे वाटते आणि तो मान डोलावतो.

परंतु मान डोलावण्यापूर्वी थोडे थांबावे, अशी आमची विनंती आहे. ज्या दप्तराचा दाखला अलेक्झांड्राने भावांच्या तोंडावर फेकला, तेच दप्तर आता ती क्षणभंगुर ठरवते. पहिल्या प्रसंगी नोंदवहीतील नाव हेच तिचे एकमेव शस्त्र होते. दुसऱ्या प्रसंगी ते तिला नकोसे झाले आहे. आणि व्यवहारात फल काय? ज्यांनी तिचे श्रम श्रम मानले नाहीत, त्यांच्याच घरी जमीन परत जाण्याचा मार्ग मोकळा झाला. वादात जिंकलेली बाजू मृत्युपत्रात सोडून दिली गेली. लेखिका याला काव्याचा सुंदर शेला पांघरते. दुःखाने पोळलेल्या स्त्रीच्या तोंडी हे उद्गार स्वाभाविक आहेत, हेही आम्ही मान्य करतो. आमचे म्हणणे इतकेच, की ज्याचे नाव नोंदवहीत आहे त्यालाच ते पुसण्याचे औदार्य शोभते. अलेक्झांड्राचा त्याग हा खरा त्याग आहे, कारण तिच्यापाशी त्यागण्यासारखे काही होते. तिच्या आईपाशी ते नव्हते. आईला त्यागाचीही संधी मिळाली नाही.

आणखी एका अनुपस्थितीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. भूमी कोणाचीच नव्हे, असे म्हणणे सोपे जाते, कारण ती पूर्वी कोणाची होती हे कादंबरी विचारीत नाही. या माळरानावर पॉनी लोक राहत आणि शिकारीस हिंडत. १८३३ च्या तहाने त्यांना प्लॅट नदीच्या दक्षिणेकडील प्रदेश सोडून द्यावा लागला, आणि १८७० नंतरच्या दशकात त्यांना नेब्रास्काबाहेर, आजच्या ओक्लाहोमात, हलवण्यात आले. त्यानंतर १८८७ च्या डॉज कायद्याने मूळ रहिवाशांच्या सामाईक जमिनी फोडून प्रत्येक कुटुंबप्रमुखास १६० एकर वाटण्याचे धोरण आले, आणि उरलेली जमीन परक्यांना खुली झाली. १६० एकर हा तोच आकडा. ज्या मापाने बर्गसन कुटुंबाला भूमी मिळाली, त्याच मापाने दुसऱ्यांची सामाईक भूमी तुकडे करून नाहीशी करण्यात आली. बर्गसनांच्या वाटणीपूर्वी अशी एक मोठी वाटणी होऊन गेली होती, आणि तिच्यात भाग घेणाऱ्यांना कोणी संमती विचारली असे म्हणणे कठीण आहे. कॅथर यांनी स्वतः पाहिलेल्या जगाचे चित्र रेखाटले, म्हणून त्यांना दोष देऊ नये. परंतु आजच्या वाचकाने त्या सुंदर सूर्यास्तात ही रिकामी जागाही पाहिली पाहिजे.

हे सर्व येथे, सीमाभागातील मराठी वाचकांपुढे, कशासाठी मांडावे? कारण वाटणीच्या प्रश्नावर आपल्या सभोवती तीन-चार कायदे एकत्र नांदत आले आहेत. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या पद्धतीत, वेगळा करार नसल्यास, पतिपत्नींची मिळकत सामाईक असते आणि तिचा अर्धा भाग पत्नीचा असतो. उरलेल्या अर्ध्यात मुलगे व मुली यांचा वाटा सारखा. म्हणजे मिसेस बर्गसनचा भाग तेथे वाटणीपूर्वीच बाजूला निघाला असता. हिंदू कायद्यात १९३७ मध्ये विधवेला मर्यादित हक्क मिळाला, आणि १९५६ च्या उत्तराधिकार कायद्याने स्त्रीची मालकी पूर्ण झाली. कर्नाटक व महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला सहदायाद मानले, आणि २००५ च्या दुरुस्तीने ते तत्त्व देशव्यापी झाले. कायदा अलेक्झांड्राच्या बाजूला येऊन बरीच वर्षे झाली.

परंतु कायदा जे देतो ते ओसरीवर परत घेतले जाते. बाप वारला, की बहिणींच्या सह्यांचे हक्कसोडपत्र होते. माहेर तुटू नये, भावाचे मन मोडू नये, म्हणून ती सही करते, आणि घरोघर याला बहिणीचे मोठे मन म्हणतात. ‘ओ पायोनियर्स!’ वाचलेल्या शिक्षकाला येथे एक प्रश्न विचारावासा वाटेल. अलेक्झांड्राने आधी नाव लावून घेतले, ते राखले, वाढवले, आणि मग सोडण्याचा विचार केला. आपल्या बहिणी नाव लागण्यापूर्वीच सोडून देतात. या दोन कृत्यांना एकच शब्द लावणे बरोबर होईल काय?

वरच्या वर्गांत ही कादंबरी शिकवताना भूमीचे वर्णन आणि प्रेमाची शोकांतिका यांवर भर देण्याचा मोह होईल. तो आवरून विद्यार्थ्यांपुढे भावंडांच्या भांडणाचा प्रसंग प्रथम ठेवावा, आणि त्यातील प्रत्येकाचे म्हणणे त्यांनी स्वतःच्या शब्दांत मांडावे. मुले कोणाचा पक्ष घेतात आणि मुली कोणाचा, हे ऐकणे उद्बोधक ठरेल. कलाकृती म्हणून हिच्यात उणिवा आहेत: भाऊ एकरंगी आहेत, आई धूसर आहे, आणि शेवट प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी त्याच्यावर उठून जातो. तरीही विचार करणे, धोका पत्करणे आणि घर सांभाळणे हे श्रमच होत, आणि श्रमाला हिस्सा असतो, ही गोष्ट तिने १९१३ साली एका शेतकरी स्त्रीच्या तोंडून भावांसमोर स्पष्ट वदवली. तेवढ्यासाठी तरी ती आपल्या ग्रंथालयांच्या कपाटातून निघून वाचकांच्या हाती पडली पाहिजे.